नवे घर घ्यावे की जुने? राजपुऱ्यातील कुटुंबांसाठी एक हिशेब

मंडळाच्या बैठकीत, लग्नकार्यात किंवा गणपतीच्या आरतीनंतर दोन कुटुंबे बोलत बसली की हल्ली एक विषय हमखास निघतो. मुलाचे लग्न ठरले आहे, घर लहान पडते, आता काय करायचे? मुलगा म्हणतो, बाहेर नव्या कॉलनीत घर घेऊ. गाडी लावायला जागा असेल, खोल्या हवेशीर असतील. वडील म्हणतात, राजपुरा सोडून कुठे जायचे? शेजारचेच घर विकायला निघाले आहे, तेच घेऊ. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते आणि म्हणूनच वाद लांबतो.

बँकेच्या नोकरीत आम्ही अनेक वर्षे गृहकर्जाची प्रकरणे पाहिली. त्या अनुभवावरून हा लेख आपल्या सभासदांसाठी लिहीत आहोत. नवे चांगले की जुने, असा सरसकट निकाल देता येत नाही. पण कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे हे मात्र निश्चित सांगता येते. आमच्या मते तो क्रम असा: आधी कागद, मग भिंत, मग पैसा आणि शेवटी सोय. बहुतेक कुटुंबे याच्या बरोबर उलट क्रमाने जातात. घर आवडते, भाव ठरतो, बयाणा दिला जातो आणि मग कागद बघायला घेतात. तोपर्यंत हात अडकलेला असतो.

आपल्याकडे ‘नवे’ आणि ‘जुने’ म्हणजे काय

पुण्या-मुंबईत नवे घर म्हणजे मोठ्या इमारतीतला फ्लॅट. बऱ्हाणपुरात तसे नाही. येथे नवे घर तीन प्रकारांनी मिळते: विकसित कॉलनीतले डुप्लेक्स किंवा रो-हाऊस, एखाद्या लहान ठेकेदाराने दोन-चार प्लॉटवर बांधून विकायला काढलेली घरे, किंवा प्लॉट घेऊन स्वतः केलेले बांधकाम.

जुन्या घराचेही दोन प्रकार आहेत. एक, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे सिमेंटचे घर, ज्याचा मालक नोकरीनिमित्त इंदूर-पुण्याला गेला आहे. दुसरे, राजपुरा, शनवारा, इतवारा, सिंधीपुरा अशा जुन्या मोहल्ल्यांतले पिढीजात घर: सागवानी खांब, जाड भिंती, शेजाऱ्याशी सामाईक असलेली एक बाजू. या प्रत्येक प्रकाराचा धोका वेगळा आहे.

पिढीजात घर: विकणारा खरोखर मालक आहे का?

जुन्या मोहल्ल्यातले घर विकत घेताना सर्वांत मोठा प्रश्न घराच्या मजबुतीचा नसतो. घर आजोबांच्या नावावर असते, आजोबा जाऊन तीस वर्षे झालेली असतात आणि विकायला आलेला असतो थोरला नातू. तो राहतो म्हणून मालक ठरत नाही.

हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. याचा व्यवहारातला अर्थ असा की, रावेर, भुसावळ, जळगाव, खंडव्याला दिलेल्या आत्यांची आणि बहिणींची सही लागते. ‘त्या काही मागणार नाहीत’ हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. त्या मागत नसतील तर नोंदणीकृत हक्कत्याग पत्रावर सही करून देतील. त्यात अडचण नसावी. साध्या कागदावरची किंवा शंभराच्या स्टॅम्पवरची संमती बँक मानत नाही, आपणही मानू नये.

आणखी काही गोष्टी तपासाव्यात. वारसांपैकी एकाने हिस्सा विकायला काढला तर इतर वारसांना तो विकत घेण्याचा अग्रहक्क कायद्याने दिला आहे. एखाद्या अज्ञान मुलाच्या नावे स्वतंत्र हिस्सा असेल तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकाला तो विकता येत नाही. घरात जुना भाडेकरू असेल तर घर भाडेकरूसकट आपल्याकडे येते. मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 प्रमाणे, असे घर विकत घेणाऱ्याला स्वतःच्या गरजेचे कारण सांगून घर खाली करून घेण्याचा दावा खरेदीनंतर एक वर्ष होईपर्यंत लावता येत नाही. पुढे दावा किती काळ चालेल तो वेगळा.

नगर निगमाची कराची पावती म्हणजे मालकी नव्हे. नामांतरण झाले म्हणजेही मालकी सिद्ध होत नाही; ती कर कोणी भरायचा याची नोंद आहे. मालकी पाहायची ती नोंदणीकृत दस्तांच्या साखळीत: आजच्या विकणाऱ्याकडे घर कसे आले, त्याच्या आधीच्याकडे कसे आले, असे मागे मागे जात. बँकेचे वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतात, आपणही तेवढा घ्यावा. आपला जिल्हा 15 ऑगस्ट 2003 रोजी वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर पूर्व निमाड किंवा खंडवा जिल्हा लिहिलेला असणारच. त्याने घाबरू नये. चतुःसीमा मात्र नीट जुळवून पाहाव्यात. जुन्या दस्तात ‘पूर्वेस अमुक यांचे घर’ असे लिहिलेले असते आणि ते अमुक जाऊन दोन पिढ्या उलटलेल्या असतात. जागा नजूलची आहे की खासगी हेही पाहावे; नजूलचा पट्टा असेल तर त्याची मुदत आणि नूतनीकरण तपासावे.

मुखत्यारपत्रावर किंवा नुसत्या करारावर घर घेऊ नये. 2011 च्या सुरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, रजिस्ट्रीच हवी.

भिंत, छप्पर आणि पुरातत्त्व खाते

जुन्या घराच्या जाड भिंतींचा गुण आपण सगळे जाणतो. मे महिन्यात बऱ्हाणपूर तापते तेव्हा जुन्या घराची आतली खोली नव्या घराच्या वरच्या मजल्यापेक्षा थंड राहते. पण घर घेताना इंजिनीअरला सोबत न्यावे आणि चार गोष्टी बघायला सांगाव्यात: तुळया आणि खांबांना वाळवी, भिंतीच्या पायथ्याची ओल, गच्चीचा उतार, आणि सामाईक भिंत कोणाची. सामाईक भिंत पाडता येत नाही आणि शेजाऱ्याने त्याचे घर पाडले तर आपली बाजू उघडी पडते. पावसाळ्यात एकदा घर पाहणे सर्वांत चांगले. उन्हाळ्यात रंग दिलेली भिंत काही सांगत नाही.

बऱ्हाणपुरासाठी खास एक मुद्दा आहे. आपले गाव स्मारकांनी भरलेले आहे. शाही किल्ला, बीबी साहिबा मशीद, राजाची छत्री अशी केंद्रीय संरक्षित स्मारके येथे आहेत. प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध आहे. तेथे नवे बांधकाम करता येत नाही, फक्त परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते. त्यापुढचे 200 मीटर विनियमित क्षेत्र आहे. तेथे बांधकामासाठीही परवानगी लागते. म्हणजे ‘आत्ता जुने घेऊ, दोन वर्षांनी पाडून तीन मजले बांधू’ हा बेत स्मारकाजवळच्या घरात चालणार नाही. घर विकणारा हे आपणहून सांगेलच असे नाही. बयाणा देण्याआधी अंतर मोजून घ्यावे आणि नगर निगमात बांधकाम परवानगीबद्दल विचारावे.

नवे घर: रेरा कोठे लागू होतो आणि कोठे नाही

नव्या घराच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे 2016 चा रेरा कायदा. बिल्डरने प्रकल्पाची नोंदणी करावी, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावी, नोंदणीकृत करार केल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये, ताबा उशिरा दिला तर व्याज द्यावे, आणि ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा, असे नियम त्यात आहेत. भाव कार्पेट एरियावर सांगावा लागतो. त्यात बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत.

पण येथे एक मेख आहे. जागा 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा घरांची संख्या आठपेक्षा जास्त नसेल, तर नोंदणीची सक्ती नाही. आपल्या गावात ओळखीच्या ठेकेदाराने बांधलेली तीन-चार घरे नेमकी या सवलतीत बसतात. घर कोरे करकरीत असले तरी रेराचे संरक्षण तेथे मिळेल असे गृहीत धरू नये. अशा वेळी दोष-दुरुस्तीची मुदत, साहित्याचा दर्जा, वीज आणि नळजोडणी कोणाच्या खर्चाने, हे सारे करारात लिहून घ्यावे. ‘घरचाच माणूस आहे’ म्हणून लिहून न घेणे हे त्या माणसाशी असलेले नाते बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

कॉलनीत घर घेताना कॉलनी वैध आहे का हे पाहावे. शेतीच्या जमिनीचे डायव्हर्शन झाले आहे का, नगर तथा ग्राम निवेश कार्यालयाने नकाशा मंजूर केला आहे का, विकासाची परवानगी आहे का, हे तीन कागद मागावेत. विकासाची हमी म्हणून काही प्लॉट गहाण ठेवलेले असतात आणि रस्ते, गटारे, वीज पूर्ण झाल्यावर सुटतात. आपला प्लॉट त्या यादीत नाही ना, हेही विचारावे. अवैध कॉलनीतला प्लॉट स्वस्त मिळतो, रजिस्ट्रीसुद्धा होते. पण नकाशा मंजूर होत नाही, बँक कर्ज देत नाही आणि रस्त्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज करावे लागतात.

पैशाचा हिशेब: स्वस्त घराला जास्त रोख लागते

आता एक उदाहरण मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. रजिस्ट्रीचा खर्च सोयीसाठी 10 टक्के धरला आहे. प्रत्यक्ष दर शासन वेळोवेळी बदलते, महिलेच्या नावाने सवलत असू शकते, आणि आकारणी करारातील किंमत व कलेक्टर गाइडलाइन यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर होते; म्हणून चालू दर उपपंजीयक कार्यालयात विचारून घ्यावा.

बांधकाम चालू असलेले नवे डुप्लेक्स 32 लाखांचे आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. किंमत 45 लाखांच्या आत आणि कार्पेट एरिया 90 चौरस मीटरपर्यंत असेल तर आपल्यासारख्या शहरात 1 टक्का, नाहीतर 5 टक्के. येथे 1 टक्का म्हणजे 32,000 धरू. रजिस्ट्री 3 लाख 20 हजार. ताबा मिळेपर्यंत दोन वर्षे महिना 8,000 भाडे, म्हणजे 1 लाख 92 हजार. एकूण खर्च 37 लाख 44 हजार. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते, म्हणजे 28 लाख 80 हजार. स्वतःच्या खिशातून लागले 8 लाख 64 हजार.

जुने घर 26 लाखांना ठरले. तयार जुन्या घरावर जीएसटी नाही. रजिस्ट्री 2 लाख 60 हजार, दुरुस्ती 3 लाख. एकूण 31 लाख 60 हजार. नव्यापेक्षा जवळजवळ सहा लाखांनी स्वस्त. पण बँकेचा मूल्यांकक येतो आणि घराचे वय पाहून किंमत 22 लाख ठरवतो. कर्ज त्यावर मिळते: 90 टक्के म्हणजे 19 लाख 80 हजार. स्वतःच्या खिशातून लागले 11 लाख 80 हजार.

म्हणजे स्वस्त घराला हातात तीन लाखांहून जास्त रोख लागली. व्यवहार अडकतात ते येथेच. मग कोणी सोने मोडतो, कोणी वैयक्तिक कर्ज काढतो, आणि स्वस्ताईचा फायदा निघून जातो. उलट बाजूने पाहिले तर 8.5 टक्के दराने 20 वर्षांसाठी नव्या घराचा हप्ता महिना सुमारे 25,000 येतो आणि जुन्याचा सुमारे 17,200. ज्याच्याकडे निवृत्तीची किंवा शेत विकलेली रक्कम आहे पण मासिक उत्पन्न बेताचे आहे, त्याला जुने घर परवडते. ज्या तरुण जोडप्याचा पगार नियमित आहे पण साठवण कमी आहे, त्याला नवे घर सोपे जाते. आमच्या मते घर निवडताना हा फरक वयापेक्षा आणि आवडीपेक्षा महत्त्वाचा आहे.

जुन्या घरावर कर्जाची मुदतही कमी मिळू शकते, कारण बँक घराचे उरलेले आयुष्य पाहते. लाकडी सांगाड्याच्या घराला काही बँका कर्जच देत नाहीत. म्हणून बयाण्याआधी बँकेत कागदांच्या प्रती दाखवाव्यात.

विकणाऱ्याने घरावर कर्ज घेतलेले असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. सेरसाईच्या संकेतस्थळावर थोड्या शुल्कात घरावरील गहाणाची नोंद पाहता येते; ती अवश्य पाहावी. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यावेत, नाहीतर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे.

बयाणा रोखीत देऊ नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही आणि दंड घेतलेल्या रकमेइतका असतो. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, हेही विसरू नये.

राजपुऱ्यातले घर विकून बाहेर जाताना

काही कुटुंबे जुने घर विकून त्या पैशांत नवे घेतात. जुन्या घराच्या विक्रीवरील नफ्यातून नवे राहते घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घेतले, किंवा तीन वर्षांत बांधले, तर भांडवली नफ्याच्या करात सूट मिळते. वडिलोपार्जित जुन्या घरासाठी 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. तिचे मूल्यांकन आधीच करून ठेवावे. नवे घर ज्यांचा हिस्सा विकला त्यांच्यापैकी कोणाच्या नावाने घ्यायचे, हे सल्लागाराला विचारून आणि घरात सगळ्यांसमोर बोलून ठरवावे. पैसे एकत्र होते, घर एकाच्याच नावावर झाले, आणि भाऊ दहा वर्षे बोलत नाहीत, अशी कुटुंबे आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत.

रोजचे जगणे

शेवटी सोय. नव्या कॉलनीत बोअरला उन्हाळ्यात पाणी किती राहते हे तेथील रहिवाशांना एप्रिल-मेमध्ये विचारावे. 1615 साली कुंडी भंडारा बांधणाऱ्यांनी सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालून गावात आणले. तेव्हाही वस्तीचा पहिला प्रश्न पाण्याचाच होता. जुन्या गावात शेजारी पॉवरलूम आहे का, आणि तो रात्री चालतो का, हे रात्री दहा वाजता जाऊन ऐकावे. तापीकाठच्या सखल भागात पुराचे पाणी कोठवर आले होते हे शेजाऱ्यांना विचारावे. ते बोट ठेवून दाखवतात.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा विचार करावा. राजपुऱ्यात आजी सकाळी मंदिरात पायी जातात, औषधाचे दुकान चार पावलांवर आहे, दार उघडले की कोणीतरी बोलायला आहे. नव्या कॉलनीत सगळी मंडळी कामावर गेली की त्या दिवसभर एकट्या. याला रुपयांत किंमत लावता येत नाही, पण हिशेबात धरावी लागते. तसेच सुनेला स्वतंत्र खोली आणि नातवाला अभ्यासाची जागा हीही गरजच आहे. तिला ‘हल्लीच्या मुलांचे चोचले’ म्हणू नये.

थोडक्यात

वारस सगळे सह्या करायला तयार आहेत, दस्तांची साखळी पूर्ण आहे, इंजिनीअरने घर ठीक म्हटले आहे आणि हातात पुरेशी रोख आहे, तर राजपुऱ्यातले जुने घर घ्यायला हरकत नाही. यातली पहिली गोष्ट नसेल तर बाकीच्या तिन्ही असूनही घेऊ नये.

पगार नियमित, साठवण कमी, आणि कॉलनी वैध व रेरात नोंदलेली असेल तर नवे घर घ्यावे. बांधकाम चालू असण्यापेक्षा पूर्णता प्रमाणपत्र मिळालेले तयार घर मिळाले तर अधिक चांगले. जीएसटी वाचतो, भाडे वाचते आणि भिंत डोळ्यांनी पाहता येते.

दोन्हींपैकी काहीच जमत नसेल तर वर्षभर थांबावे, भाड्याने राहावे. विकणारा ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ म्हणाला तरी येऊ द्यावे. घर आपल्याला पुढची तीस वर्षे वापरायचे आहे. त्यासाठी तीन आठवडे कागद पाहण्यात गेले तर ते वाया गेले असे समजू नये. घर घेण्याच्या विचारात असलेल्या सभासदांनी बयाणा देण्याआधी कागदांच्या प्रती घेऊन एखाद्या जाणकार वकिलाकडे अवश्य जावे, आणि जाताना घरातल्या बहिणीलाही सोबत न्यावे.